न वाचलेला ई-मेल आणि वैद्याची जबाबदारी



प्रस्तुत लेखाचा आरंभ एका कबुलीने करावा लागत आहे. काही वर्षांपूर्वी दादर पूर्वेकडील आमच्या चिकित्सालयात अनियमित व कष्टप्रद आर्तवाची तक्रार घेऊन एक विवाहित तरुणी येत असे. आम्ही तिला रजःप्रवर्तिनी वटीची योजना केली होती. पुढे पतीच्या नोकरीनिमित्त ती बंगळूरूस गेली. जाताना दोन महिन्यांचे औषध सोबत घेऊन गेली. तेथून तिने आम्हांस एक ई-मेल पाठविला. विषयाच्या जागी केवळ ‘नमस्कार’ एवढेच लिहिले होते. आतील मजकूर तीन ओळींचा होता. पाळी चुकली आहे, घरी केलेली चाचणी होकारार्थी आली आहे, गोळ्या चालू ठेवाव्यात काय?

हा ई-मेल आम्ही एकोणिसाव्या दिवशी वाचला.

त्याच्या वर आणि खाली काय काय साचले होते, हे वाचकांपैकी बहुतेकांस आपापल्या अनुभवावरून सांगता येईल. आसवारिष्टांची दरपत्रके, ‘दहावर दोन मोफत’ अशा योजना, चर्चासत्रांची निमंत्रणे, बँकेच्या सूचना, कोणा स्नेह्याने धाडलेले सुविचार. कन्यासार, कासीस, टंकण आणि हिंग यांचा तो कल्प गर्भिणीस वर्ज्य आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. दूरध्वनी लावताना आमचा हात स्थिर नव्हता. सुदैवाने तिच्या आईने, दिवस राहिले की आधीची सारी औषधे बंद, असे तिला बजावले होते आणि तिने त्याच दिवशी गोळ्या बाजूस ठेवल्या होत्या. पुढे यथाकाल सुखप्रसूती झाली. आमची लाज त्या माउलीच्या व्यवहारज्ञानाने राखली. मुलीने तर आम्हांस दोषही दिला नाही. ‘‘तुम्ही कामात असाल असं वाटलं,’’ एवढेच ती म्हणाली. ते वाक्य आम्हांस अद्याप टोचते, कारण त्या एकोणीस दिवसांत आम्ही ती पेटी दिवसातून किमान दहा वेळा उघडली होती.

ई-मेल फार येतात, ही सबब आम्हीही त्या वेळी स्वतःस दिली. परंतु विचारांती ती टिकत नाही. आमचे गुरुवर्य दादर पश्चिमेस, रानडे मार्गाच्या परिसरात व्यवसाय करीत. बी.ए.एम.एस. झाल्यावर दोन-तीन वर्षे आम्ही त्यांच्या हाताखाली बसलो. कोकणातून, घाटावरून, क्वचित इंदूर-बडोद्याहूनही त्यांना रुग्णांची पत्रे येत. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर क्षुधा, मलप्रवृत्ती, निद्रा यांचा सविस्तर वृत्तान्त लिहिलेला असे. गुरुवर्यांची रीत ठरलेली होती. दुपारी टपाल आले की ते उभ्या उभ्याच त्याची वाटणी करीत. व्यापाऱ्यांचे कागद कंपाउंडरकडे जात. रुग्णांची पत्रे मेजावरील दगडी खलाखाली दाबली जात. उत्तर लिहून झाले की ते पत्र तारेत ओवले जाई आणि त्यावर उत्तराची तारीख पडे. खल उचलावयाचा असेल तर खालचे पत्र दिसणारच, आणि खल तर रोज उचलावा लागे. आम्ही त्या काळी यास म्हाताऱ्यांचा विक्षिप्तपणा समजत होतो. पुढे ई-मेल आला. जवळच्या सायबर कॅफेत आठवड्यातून दोनदा जाऊन गुरुवर्यांची पत्रे कागदावर छापून आणणे हे काम आमच्याकडे असे, आणि ते छापील कागदही त्याच खलाखाली जात. म्हणजे माध्यम बदलले तरी त्यांची रीत बदलली नाही. आम्ही मात्र स्वतःचा व्यवसाय मांडला तेव्हा माध्यम तेवढे घेतले.

मुंबईकरांस सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने उपलब्ध करून दिली. त्यानंतरच्या दशकात ज्यांनी ई-मेलचे खाते उघडले, त्यांना आठवत असेल की पेटीची मर्यादा दोन-चार एमबी एवढीच असे. दोन छायाचित्रे आली की पेटी तुडुंब भरे आणि जुने काढल्यावाचून नवे आत येत नसे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एकदम एक जीबी जागा देऊ केली आणि काहीही पुसण्याची गरज उरली नाही, असा सर्वांचा समज झाला. आज तीच विनामूल्य मर्यादा पंधरा जीबी आहे. सोय झाली, यात शंका नाही. पण शोधनाची सक्ती संपली की संचय सुरू होतो, हे आपल्या शास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावे लागू नये. मर्यादा होती तेव्हा आठवड्यातून एकदा का होईना, प्रत्येक पत्राकडे पाहून ‘हे ठेवावे की काढावे’ असा निर्णय होत असे. आता तो निर्णयच होत नाही.

पत्रांचा ढीग आणि त्यांची वाटणी हा प्रश्न तसा जुनाच आहे, आणि त्याचे एक उत्तर याच महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने दिले आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड पद्धती सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव व डाक-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते. तितकेच मोठे ते संस्कृतचे व्यासंगी आणि संस्कृत नाटककार होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, त्यांतील चुका यांमुळे टपाल भलतीकडे जात असे. वेलणकरांनी सहा अंकांत सारा देश बसविला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरण जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. एकाच दादरचे पूर्वेस ४०००१४ आणि पश्चिमेस ४०००२८ होते ते यामुळेच. मधल्या रुळांच्या अलीकडचे पत्र पलीकडे जात नाही. अल्पाक्षरांत पुष्कळ अर्थ बसविण्याची ही हातोटी सूत्रग्रंथांच्या सहवासातून आली असावी, असे आम्हांस आपले उगीच वाटते.

या योजनेचे मर्म असे की, पत्र उघडण्यापूर्वी आणि मजकुराचा एक शब्दही न वाचता त्याची दिशा ठरते. आमच्या पेटीत नेमके हेच घडत नव्हते. प्रत्येक ई-मेल उघडल्यावर कळे की तो कोणाचा आणि कशासाठी आहे. उघडण्यास वेळ नसे, म्हणून तो राही. आणि राहिलेल्यांत रुग्ण व व्यापारी एकाच पंक्तीस बसत. आमचे मत आता असे झाले आहे की, रुग्णाकडून आलेला ई-मेल हा टपालाचा भाग नसून केसपेपरचा भाग आहे. केसपेपर आपण दरपत्रकांच्या गठ्ठ्यात ठेवीत नाही. ई-मेल ठेवतो, ही चिकित्सेतील चूक आहे. केवळ कार्यालयीन अव्यवस्था म्हणून तिजकडे पाहू नये.

येथे कोणी म्हणेल की, व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात ई-मेलची चर्चा कशास? आमचे पुष्कळ रुग्णही आता तेथेच लिहितात. लहानसहान निरोपास ते माध्यम उत्तम आहे. परंतु तेथे जिभेचे छायाचित्र, रक्ताचा अहवाल, ‘आज येऊ का’ हा प्रश्न आणि गणेशोत्सवाच्या शुभेच्छा हे सारे एकाच ओघात वाहून जाते. दूरध्वनी हरवला किंवा बदलला आणि प्रत काढून ठेवलेली नसली, तर आपल्याकडची नोंद संपली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दुरून दिलेल्या सल्ल्याची व त्यासंबंधीच्या कागदपत्रांची नोंद राखणे हे चिकित्सकाचे कर्तव्य आहे, ही त्यांतील भूमिका आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंद विहित प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाते. अर्थात ती आपल्या बाजूने जाईल तशीच विरुद्धही जाईल. ‘मी कळविले होते’ असे म्हणणाऱ्या रुग्णाचा ई-मेल आपल्या पेटीत न उघडता पडलेला असेल, तर तो साक्षीदार आपलाच असून आपल्याविरुद्ध बोलेल.

त्या प्रसंगानंतर आम्ही जी व्यवस्था लावली, ती मोठी पांडित्याची नाही. प्रथम पत्ते दोन केले. रुग्णांसाठीचा पत्ता केवळ केसपेपरवर छापला जातो. तो कोणत्याही प्रतिनिधीस, चर्चासत्राच्या नोंदणी अर्जावर किंवा दुकानात देत नाही. जुना पत्ता व्यापारास राहिला. एवढ्या एका गोष्टीने निम्म्याहून अधिक काम झाले. यास खर्च शून्य आहे. तरी आमच्या परिचयातील किती व्यावसायिकांनी हे केले आहे, हे मोजावयास एका हाताची बोटे पुरतील.

दुसरी गोष्ट केसपेपरच्या क्रमांकाची. प्रत्येक रुग्णास आम्ही सांगतो की विषयाच्या जागी आपला क्रमांक लिहावा, आणि पुढे एका शब्दात कारण. २०२५ सालचा ३१२वा रुग्ण असेल तर ‘२५-३१२, ताप’ एवढे पुरे. हाच आमचा पिनकोड. नावाने शोधण्याचा मार्ग आम्ही प्रथम अवलंबून पाहिला होता, पण तो मराठी माणसाच्या कामाचा नाही. एकच औषध शब्द रुग्ण रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहितात. अविपत्तिकर चूर्णाची तर आम्ही सात रूपे पाहिली आहेत. कुलकर्णी आणि जोशी यांची संख्या दादरमध्ये किती, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटमध्ये टंकलेली मराठी पत्रे आज उघडली तर अगम्य चिन्हांची रांग दिसते, ती कोणत्याच शब्दाने सापडत नाहीत. क्रमांक मात्र सर्व लिपींत एकच अर्थ सांगतो. वृद्ध रुग्ण क्रमांक विसरतात हे खरे. तेव्हा उत्तर देताना आम्हीच तो विषयात घालतो, आणि पुढील पत्रव्यवहार त्याच धाग्यात चालतो.

तिसरी गोष्ट काळाची, आणि येथे आम्हांस थोडे अधिक बोलावयाचे आहे. आपल्या शास्त्राने औषध देण्याचे काळ सांगितले आहेत: अन्नापूर्वी, अन्नाच्या मध्ये, अन्नानंतर, रात्री इत्यादी. त्यांत मुहुर्मुहुः म्हणजे वारंवार देण्याचा काळही आहे, पण तो श्वास, कास, तृष्णा, छर्दी, विष अशा अवस्थांसाठी. आपण सर्वजण ई-मेल मुहुर्मुहुः पाहतो. जणू प्रत्येकास विषबाधाच झाली आहे! दोन रुग्णांच्या मध्ये, नाडी पाहता पाहता, लोकल गाडीत उभ्याने. अशा पाहण्यात पत्र डोळ्यांखालून जाते, त्याचे ‘न वाचलेले’ हे चिन्ह पुसले जाते, आणि उत्तर देण्याचे राहते. न उघडलेल्या पत्रापेक्षा उघडून विसरलेले पत्र अधिक घातक, कारण त्याचा ठळकपणा गेलेला असतो. आम्ही आता दोनच काळ ठेवले आहेत. सकाळी चिकित्सालय उघडण्यापूर्वी पंचवीस मिनिटे आणि रात्री बंद करण्यापूर्वी तेवढीच. त्या वेळी बसून, केसपेपर हाताशी ठेवून, एकेक पत्र हातावेगळे करावयाचे. उत्तर दिले की ते ‘उत्तर दिले’ या फोल्डरमध्ये जाते आणि केसपेपरवर तारखेसह एक ओळ लिहिली जाते. ज्याचे उत्तर देण्यास ग्रंथ पाहावा लागेल किंवा रुग्णाचा अहवाल यावयाचा असेल, तेच पेटीत राहते. म्हणजे पेटी हाच आमचा खल झाला. रात्री तीत चार-पाच पत्रांहून अधिक राहिली तर आम्ही घरी उशिरा जातो. घरच्यांची याविषयीची मते येथे नोंदवीत नाही.

आत्ययिक अवस्थेसाठी ई-मेल नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगितले पाहिजे. आमच्या रुग्णांच्या पत्त्यावर कोणीही लिहिले की आपोआप एक उत्तर जाते: आपले पत्र पोहोचले, चोवीस तासांत उत्तर येईल, रक्तस्राव, श्वासकष्ट, छातीत वेदना किंवा गर्भधारणेची शंका असल्यास औषध थांबवून लगेच दूरध्वनी करावा. त्यातील शेवटचा भाग कोणामुळे आला, हे वाचकांनी ओळखले असेल.

गोपनीयतेविषयी एक गोष्ट खेदाने लिहावी लागते. धन्वंतरी जयंतीच्या शुभेच्छा एकाच ई-मेलने सर्व रुग्णांना पाठविण्याची प्रथा काही व्यावसायिकांत आहे, आणि तीत सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतात. असा एक ई-मेल आमच्या एका रुग्णाने आम्हांस दाखविला. तो श्वित्राच्या चिकित्सेसाठी पूर्वी एका अन्य वैद्यांकडे जात असे, ही गोष्ट त्याच्या कार्यालयातील सहकाऱ्यास त्या यादीवरून कळली होती. सहकारीही तेथेच जात असे. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न नेण्याचा दंडक चरकाच्या विमानस्थानात शिष्यास दीक्षा देतानाच घातला आहे. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आता तोच विषय शासनाच्याही दृष्टीस आणला आहे. पत्ते ‘बीसीसी’ या रकान्यात लिहिले की परस्परांस दिसत नाहीत. मुळात शुभेच्छा पाठविण्याची निकड कोणास आहे, हा प्रश्न आम्ही शिष्टाचारास्तव विचारीत नाही. त्याचप्रमाणे खात्याचा पासवर्ड कंपाउंडरच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला असतो आणि कंपाउंडर नोकरी सोडून गेल्यावरही तोच चालू राहतो, हेही आम्ही पाहिले आहे. दुहेरी पडताळणी लावून घेण्यास पाच मिनिटे लागतात.

औषधालयचालकांची अडचण आमच्याहून निराळी आहे. त्यांना व्यापारी पत्रे टाकून देता येत नाहीत. तोच त्यांचा व्यवसाय. परंतु त्या व्यापारी पत्रांतही सारी एका तोलाची नसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्या पंधरवड्यात आमच्या शेजारच्या औषधालयाच्या पेटीत सुधारित दरपत्रकांचा अक्षरशः पाऊस पडला. त्याच पावसात एका निर्मात्याचे पत्र होते, एका आसवाची विशिष्ट बॅच विकू नये, परत पाठवावी अशा अर्थाचे. विषय होता, ‘महत्त्वाची सूचना’. दरपत्रकांचाही विषय तोच होता. ते पत्र सापडेपर्यंत त्या बॅचच्या दोन बाटल्या विकल्या गेल्या होत्या. एक आमच्याच रुग्णास. बाटली परत आणविली, रुग्णास काही अपाय झाला नाही. पण रोख विक्रीतील दुसरी बाटली कोणाकडे गेली, याचा पत्ता लागला नाही.

आणखी एक प्रसंग. परिचयातील एका औषधालयचालकांना त्यांच्या नेहमीच्या घाऊक विक्रेत्याच्या नावाने ई-मेल आला की बँकखाते बदलले आहे, थकलेली रक्कम नव्या खात्यात भरावी. बिलाची प्रत जोडलेली, भाषा नेहमीची. पत्त्यात मात्र इंग्रजी ‘एम’ या अक्षराच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे शेजारी शेजारी बसविली होती, जी डोळ्यांस ‘एम’सारखीच दिसतात. त्यांनी रक्कम भरण्यापूर्वी जुन्या क्रमांकावर दूरध्वनी केला, म्हणून वाचले. खाते बदलल्याचे कोणतेही पत्र आले तर ई-मेलला उत्तर न देता, पूर्वीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर बोलावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

आमची सूचना मात्र औषधालयचालकांहून अधिक निर्मात्यांना आहे, आणि संघटनेने ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी अशी विनंती आहे. बॅच परत मागविण्याची सूचना योजना व दरपत्रकांच्या पत्त्यावरून येऊ नये. तिच्यासाठी निराळा, कायम एकच पत्ता असावा. विषयाच्या जागी ‘परत मागणी’ हे दोन शब्द, कल्पाचे नाव आणि बॅच क्रमांक, याच क्रमाने असावेत. म्हणजे औषधालयचालकाने एकदा फिल्टर लावून ठेवला की असे पत्र आपोआप वर येईल आणि ठळक दिसेल. पत्र मिळाल्याची पोच दोन दिवसांत न आल्यास निर्मात्याने दूरध्वनी करावा. यात तांत्रिक असे काहीही नाही. चार मोठ्या निर्मात्यांनी आरंभ केला तर लहान आपोआप मागे येतील. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, असे पत्र आम्ही कार्यवाहांना ई-मेल आणि टपाल अशा दोन्ही मार्गांनी पाठविले आहे.